पटाच्या बैलांवरून टेनिस

परवा सकाळी सहाला टीव्हीवर बास्केटबॉलची अंतिम मालिका सुरू होते आहे आणि माझं मत तयार आहे: पश्चिमेकडचा संघ सहा सामन्यांत जिंकणार. त्यांच्या सात फुटी खेळाडूला अडवेल असा समोर कोणी नाही. महिनाअखेरीस गवतावरचं टेनिस सुरू होईल. तिथे गुडघ्याला पट्टी बांधून खेळणारा तो जुना गडी पहिल्याच आठवड्यात घरी जाणार, असंही माझं मत आहे. आमच्या सानगडी गावात ही मतं मला कोणी विचारलेली नाहीत. पण मत काय विचारल्यावरच द्यायचं असतं का?

आधी माझा अधिकार सांगून ठेवतो. नागपूरला कॉलेजात असताना मी बास्केटबॉलच्या संघात होतो. दोन वर्षं बाकावर बसून मी जेवढा खेळ पाहिला, तेवढा खेळणाऱ्यांनीही पाहिला नसेल. आता माझं खताबियाण्यांचं दुकान आहे आणि पोती उतरवून घेता घेता सगळ्या खेळाडूंचे आकडे मला पाठ होतात.

तरी माझं मत खरं ठरत नाही. एकदाही नाही. सुरुवातीला मी याला योगायोग म्हणत होतो, पण गावानं त्याचा उपयोग सुरू केला. चहाच्या टपरीवर मला मानानं बसवतात, मी कोणाचं नाव घेतो ते ऐकतात आणि सगळे मिळून दुसऱ्याच्या बाजूनं होतात. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तर एक उमेदवार घरी आला आणि हात जोडून म्हणाला, "भाऊ, माह्याबद्दल काही चांगलं बोलू नोका." मागच्या साली मी म्हणालो, आठ दिवस पावसाचं पाणी येत नाही. शेजारी तसाच उठला आणि त्यानं पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकायला धान भिजवलं. तिसऱ्या दिवशी पाणी आलं. निर्लज्ज माणूस, वर मला पेढा द्यायला आला होता.

माझ्या बाबांचं नेमकं उलटं. टेनिसमध्ये पंधरानंतर तीस काहून, हे विचारून विचारून ते दमले आणि सांगून सांगून मी. पण त्यांनी सारी उमर बैलांच्या शर्यतींत, शंकरपटात, काढली आहे. बैलांची जोडी दाणीवर, म्हणजे पळायच्या पट्टीवर, उभी राहिली की नुसते पाय आणि श्वास पाहून ते निकाल सांगायचे. साकोलीचे लोक त्यांना जोडी दाखवायला घेऊन जायचे. एका सकाळी चहा घेता घेता माझं बास्केटबॉल त्यांच्या नजरेत आलं आणि तेव्हापासून घरात माझी किंमत गेली.

"एवढा लंबा बैल उठेपर्यंत दुसरी जोडी अर्ध्या दाणीत असते," मागच्या साली या सात फुट्याला पाहून ते म्हणाले. मी आकडे वाचून दाखवले. "आकडे पळते का?" त्यांनी विचारलं. टेनिसमध्ये तर ते रॅकेटकडे बघतही नाहीत. "हा मागून बसला," म्हणजे मागच्या पायांतला जोर गेला, एवढंच म्हणतात आणि दोन सेट जिंकलेला गडी खरंच हरतो. मला याचा भयंकर राग येतो. मी अभ्यास करायचा आणि यांनी माणसांना बैल समजून बरोबर यायचं, ही काय रीत झाली?

यंदा मात्र ते या मालिकेबद्दल काही बोलले नाहीत. त्यांच्या हृदयाची झडप खराब झाली आहे. घरातून गोठ्यापर्यंत जायला त्यांना दोनदा थांबावं लागतं. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, ती नेमकी गवतावरचं टेनिस सुरू होतं तो सोमवार. वय आहे, आताच काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. एवढं शिकलेल्या माणसाकडे मत नसावं, याचं मला नवल वाटलं.

काल संध्याकाळी बाबा ओट्यावर बसले होते. मला जवळ बोलावून म्हणाले, "जनावराचं सांगता येते मले, सोताचं सांगता येत नाही. चालताना मी मले दिसतच नाही." मग ते उठले, अंगणाच्या फाटकापर्यंत गेले, फाटक धरून थांबले आणि परत आले. "पाह्यलं ना?" त्यांनी विचारलं. "आता तू सांग. मी वापस येतो का नाही?"

त्यांना काय हवं होतं ते मला कळलं. माझं मत हवं होतं, म्हणजे ते उलटं ठरेल. पण नुसतं तोंडदेखलं म्हटलेलं चालत नाही. टपरीवर कोणी मुद्दाम उलटं वदवून घेतलं तर ते लागू पडत नाही, हे साऱ्या गावाला माहीत आहे. आणि मी पाहिलं होतं. डावा पाय मागे राहत होता, श्वास गळ्यात अडकत होता. एवढी वर्षं त्यांच्या शेजारी बसून मला पहिल्यांदा त्यांच्यासारखं दिसलं होतं.

"बाबा, तुमचं काही खरं नाही," मी म्हणालो. "तुमी वापस येत नाही."

"मनापासून सांगून राह्यला?"

"मनापासून."

ते हसले. खूप दिवसांनी हसले. मग आईला आवाज देऊन म्हणाले, "माह्या वावरातल्या वहाणा कोणाले देऊ नको. धानाच्या रोवण्याले मी येतो."

मी गोठ्यात गेलो आणि बैलाच्या पाठीवर डोकं टेकून बराच वेळ रडलो, कारण मी खोटं बोललो नव्हतो.