राईनला भरती किती वाजता?

झेरॉक्सच्या दुकानात कागद संपतो, किस्से संपत नाहीत. डिचोलीच्या बसस्टँडजवळ माझं दुकान आहे. लोक आधार कार्डाची कॉपी काढायला येतात आणि अर्धं आयुष्य काउंटरवर ठेवून जातात. पण एक ट्रिप अख्खी माझ्या काउंटरवर ठरली, तिच्यासारखा गोंधळ मी पाहिला नाही. आधी राईन नदीवर क्रूझ, मग रेल्वेने जर्मनी!

जाणारे तिघे. नार्व्याचे शंभूदादा, त्यांची बायको सुनंदावहिनी आणि भूगोलाचे रिटायर्ड मास्तर. शंभूदादांनी तीस वर्षं मांडवीवर खनिजाची बार्ज चालवली. खाणी बंद पडल्या, बार्ज धक्क्याला लागली. एक दिवस त्यांनी फोनवर राईनचा व्हिडिओ बघितला आणि तडक दुकानात आले. "बघ रे! आमच्यासारखीच बार्ज! आणि भरलेली! चलता!"

डोळ्यांत पाणी होतं हो माणसाच्या. भरलेल्या बार्जी जाताना एकदा बघायच्या, आणि वहिनींना सोबत घेऊनच बघायच्या, असं त्यांनी ठरवून टाकलं. वहिनी मात्र तीस वर्षांत एकदासुद्धा त्यांच्या बार्जवर चढल्या नव्हत्या. "तिका पाण्याचो भंय," शंभूदादा सांगायचे.

*

मास्तरांनी प्लॅनिंगसाठी शाळेतला ॲटलास आणला. त्यात जर्मनी दोन! एक गुलाबी, एक हिरवी.

"ह्यातली आपली खंयची?" शंभूदादांनी विचारलं.

"आता एकच आहे. दोन्ही एक झाल्या."

"कधी?"

"झाली की पुष्कळ वर्षं."

"मगे तुमी आमच्या झिलाक शाळेत दोन कित्याक शिकवल्यात?"

मास्तर शांतपणे म्हणाले, "अरे, शाळेत नवा ॲटलास येईपर्यंत मला दोन शिकवणं भाग होतं!"

*

म्हापशाच्या ट्रॅव्हल्सवाल्या श्वेतामॅडमनी रूट पाठवला. क्रूझ हॉलंडमध्ये सुरू, स्वित्झर्लंडमध्ये संपणार.

"मगे जर्मनी खंय?"

"मधे," मास्तर म्हणाले.

"आणि रेल्वे?"

"स्वित्झर्लंडहून परत जर्मनीत."

शंभूदादांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हणजे जर्मनीतसून जर्मनीत जावक जर्मनीच्या भायर पडूचा?"

मास्तरांनी कागदावर बोटाने रूट पहिल्यापासून परत फिरवून बघितला. मग म्हणाले, "होय." मी त्या रूटच्या तीन कॉप्या काढल्या. तिन्हींत तेच होतं.

*

बुकिंगच्या आधी शंभूदादांना एकच गोष्ट हवी होती. भरती-ओहोटीचं टाईमटेबल!

तीस वर्षं त्यांचं जेवण, झोप, सगळं भरतीवर चाललेलं. पहाटे दोनला पाणी भरलं तर दोनला बार्ज सुटणार. त्यामुळे क्रूझच्या कंपनीने सकाळी नऊची वेळ छापली आणि ह्यांचा विश्वासच बसेना. "रोज नऊक? रोज नऊक पाणी कसा येतला?"

बिचाऱ्या श्वेतामॅडमनी कंपनीला ईमेल केला. उत्तर आलं, त्या भागात भरती येत नाही. पाणी फारच उतरलं तर प्रवाशांना बसने पुढे नेतात.

"बसने!" शंभूदादा उठून उभे राहिले. "भरती नाय ती नदी कसली? पाट तो!"

वहिनी बाकावर बसून होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "भरती नाय? बरा आसा. आमच्याकडे चवथीच्या गणपतीची आरती जाली तरी हे थंय बार्जीर, भरतीची वाट बघीत."

शंभूदादांनी ते ऐकलं की नाही, कोण जाणे. ते बसच्या रागात होते.

*

व्हिसाचा नियम साधा. जिथे जास्त रात्री झोपणार, त्या देशाचा व्हिसा. श्वेतामॅडमनी फोनवर सांगितलं, "दादा, काही ठिकाणी नदीच्या एका काठाला फ्रान्स, दुसऱ्या काठाला जर्मनी. पण तुमच्या रात्री जर्मनीतच जास्त आहेत."

झालं! शंभूदादांच्या डोक्यात किडा वळवळला. "आणि जहाज मधोमध नांगरला तर? ती रात कोणाची?"

"तसं नसतं, दादा."

"रातचो नांगर ओढलो आणि जहाज सरकला तर?"

मॅडम म्हणाल्या, "दादा, तुम्ही फक्त झोपा हो!"

*

तारखांचा घोळ तर वहिनींचा. सप्टेंबर? "चवथ." नोव्हेंबर? "जत्रा." मे? "कोकमाची सोलां कोण सुकवतलो?" जून? "पाऊस." तिकडे आपल्यासारखा पाऊस नसतो म्हटलं तर म्हणाल्या, "हंय आसता मां? कौलां कोण बघतलो?" वर आणि, "थंय सकाळी पोदेर पाव घेऊन येता?"

शेवटी मी त्यांना कॅलेंडर दिलं. म्हटलं, "वहिनी, जमेल तिथे खूण करा." चार दिवसांनी कॅलेंडर परत आलं. खूण एकाच दिवसावर होती. क्रूझ आठ दिवसांची!

*

मग आमच्याकडे जे करतात तेच केलं. देवाला प्रसाद लावला. मूर्तीला पाकळ्या लावायच्या, भटजींनी गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. प्रश्न एकच विचारायचा असतो. शंभूदादांनी भटजींच्या हातात माझ्याकडची रूटची कॉपी दिली!

भटजींनी इमानदारीत सगळं वाचलं. हॉलंड, राईन, स्वित्झर्लंड, परत जर्मनी, म्युनिक, बर्लिन. अर्धा तास झाला. उजवी हलेना, डावी हलेना.

"देवाक नकाशो होयो दिसता," भटजी घाम पुसत म्हणाले.

मास्तरांनी लगेच पिशवीतून ॲटलास काढला. दोन जर्मनीवाला!

*

सोमवारी केबिन कन्फर्म करायची होती, नाहीतर गेली. वहिनी अजून होय म्हणत नव्हत्या आणि शंभूदादांचा चेहरा एवढासा झाला होता. "तिच्याबगर माका जाऊचा नाय," एवढंच म्हणत होते. म्हणून रविवारी दुकान बंद ठेवून आम्ही वहिनींची पाण्याची भीती घालवायला निघालो. नार्व्याहून पलीकडच्या दिवाडी बेटावर फेरीबोटीने जायचं आणि यायचं, भीती जाईपर्यंत!

फेरी सुटली. मी वहिनींना धरायला एका बाजूला, मास्तर दुसऱ्या बाजूला. आणि वहिनी कठड्याला टेकून मासळीवालीशी इसवणाच्या भावावर हुज्जत घालतायत! पाणी उसळलं, बोट डुलली, त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

मास्तर माझ्या कानात म्हणाले, "हिला पाण्याची भीती आहे असं सांगितलं कोणी?"

आम्ही दोघांनी शंभूदादांकडे बघितलं. ते वहिनींकडे बघत होते.

मासळीवाली टोपली सावरायला वळली तशा वहिनी म्हणाल्या, "जर्मनीतला तां जहाज कोण चलयतलो?"

"थंयचो क्याप्टन."

"तुमी नाय?"

"मी कित्याक? मी पासिंजर."

"मगे रातचे तुमी खंय आसतल्यात?"

"खंय म्हणजे? केबिनीत. तुझ्यावांगडा."

"सगळ्यो राती?"

"सात. सगळ्यो."

दिवाडीचा धक्का आला, माणसं उतरली, चढली. फेरी परत फिरली तेव्हा वहिनी माझ्याजवळ आल्या.

"भाऊ, त्या म्हापशाच्या बायेचो नंबर आसा मां तुझ्याकडे? लाव. तारीख खंयचीय चलता."