पणजोबांचा जेलातला दालचा

अंबरपेठेतल्या आमच्या घरी दर स्वातंत्र्यदिनी पणजोबांच्या फोटोला हार पडतो, कारण ते निजामाच्या जेलात होते. संस्थान भारतात आलं तेव्हा गल्लीने त्यांची मिरवणूकही काढली होती म्हणे. मला मात्र फोटोतल्या त्या पिळदार मिशा खटकायच्या. असल्या मिशा जेलात कोण ठेवू देतं? हा माणूस फौजेत तर नव्हता?

शेवटी त्यांच्या मुलीला, म्हणजे माझ्या नव्वदीतल्या आत्याआजीला गाठलं.

"घरी आले आणि पहिल्याच दिवशी चुलीपाशी बसले," ती म्हणाली. "पातेलंभर दालचा केला, ती दुधी घातलेली आंबट डाळ. चाखला आणि म्हणाले, 'गोश्त नाही तर काय मजा!'"

आमच्या सोवळ्यातल्या घरात तेव्हा कांदासुद्धा चोरून यायचा.

"आजी, जेलात गोश्त देतात?"

"जेलात कशाला देतील? फौजेत देतात."

"म्हणजे निजामाची फौज लपवायला तुम्ही जेलाची थाप मारलीत?"

"फौज कशाला लपवू? चांगली सरकारी नोकरी होती!" म्हातारी उखडलीच. "मटण लपवलं!"