सालदार

हे मी कोणाला सांगितलं नाही. पोराला नाही, तेरवीला जमलेल्या सोयऱ्यांना नाही.

शेवटच्या संध्याकाळी माझी बायको अन् मी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होतो. म्हणजे ती सोलत होती — मी दाणे तोंडात टाकत होतो. मधेच म्हणाली, "त्या पोरीले तुमी माहा शब्द बदलून सांगतला."

कोणती पोरगी? मला ठाऊक होतं. बायांच्या कामाचा अभ्यास करायला शहरातून आलेली, शाळेजवळ उतरलेली. तिला आपली बोली कळेना, म्हणून मधे मी — बायकोचं ऐकायचं, पोरीला हिंदीत सांगायचं. आदल्या दिवशी पोरीनं विचारलं, या घरात तुम्ही स्वतःला काय म्हणाल? ही म्हणाली, "सालदार. त्याचं बी साल पाडव्याले सरते. माहं सरत नाही."

अन् मी काय सांगितलं? "बोलती है, मैं घर की मालकिन हूँ."

पोरगी खूश. तिचाही राग येतो मला — बाई एवढं बोलली, हिंदीत एवढंसंच कसं झालं, काऊन नाही विचारलं तिनं? पण तिच्यावर ढकलून मी सुटतो का? जवानीत मी स्वतः एका शेतमालकाकडं सालदारी केली, सालभराच्या बोलीवर राबलो. अंगात ताप असो, उजाडायच्या आत मालकाची हाक यायची. सालदार म्हणजे काय, मला कळलं नाही? कळलं — म्हणूनच बदललं. परक्या पोरीपुढं माझी लाज जाऊ नये म्हणून. बायकोला बाजारापुरती हिंदी येत होती. तेव्हा उठली, अन् आमच्यासाठी चहा ठेवला.

ओसरीवर मी हसलो. "मालकीण म्हनलं, चांगलंच त म्हनलं. भांडून काऊन राह्यली?"

"चांगलं हाय. पन मी तसं म्हनलं नाही. उद्या जाऊन सांगा तिले."

"पाहू," म्हणालो. तिनं दाण्यांचं टोपलं माझ्यापासून लांब सरकवलं.

सकाळी ऊन अंगणात आलं तरी चूल थंड. मी खाटेवरून हाक मारली — उठ, चहा कोन ठेवीन? शिवीही दिली. मग उठून हात लावून पाहिला.

माणसं जमली. ती पोरगीही आली, माझ्यासमोर उभी राहिली. सांगायचं होतं ते तिथंच सांगता आलं असतं.

मी म्हणालो, "घर की मालकिन चली गई."