विमानाला लावलेली खळ

आमच्या मिलच्या मालकांनी विमान विकत घेतलं, तेव्हा मी कापडाच्या गोदामात कारकून होतो. गाठी ओळंब्यात, सरळ रेषेत रचणारा माणूस अशी माझी ख्याती. म्हणून विमान शेडमध्ये नीट लावायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं.

शेड मोहोळच्या रस्त्याला, माळावर, पत्र्याची. फरशीवर मालकांनी चुन्याच्या रेघा मारून घेतल्या होत्या. विमान उतरलं की त्याचे पंख दारासारखे मागे मिटायचे, शेपटी उचलून धरायची आणि ढकलत ढकलत चाकं बरोबर रेघेवर आणायची. बोटभर इकडेतिकडे झालं की मालक पुन्हा बाहेर काढायला लावत.

हे धूड लोखंडाचं असणार अशी माझी समजूत. पहिल्या दिवशी पंखाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. कापड! रोगण देऊन ताणलेलं कापड! सोलापुरात जन्म गेला, कापडावर घर चाललं, पण कापडाच्या भरवशावर माणूस आभाळात जातो हे काही केल्या पचनी पडेना.

एका संध्याकाळी मालक घरी गेले होते आणि वारं सुटलं होतं. आम्ही घाईनं विमान आत घेत होतो आणि दाराच्या कडीत पंख अडकला. टर्रकन आवाज झाला. वीतभर फाटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मालक पहिल्यांदाच बाईसाहेबांना घेऊन वर जाणार होते. सांगावं तर नोकरी गेली, न सांगावं तर...

ढकलणाऱ्यांत भवानी पेठेतला एक म्हातारा विणकर होता. रफू करावं तर त्यानंच.

"कापडच हाय की, भाऊसाब," तो म्हणाला. "घाबरताय कशापाई? उद्या तुमालाबी घावायचं न्हाय कुटं फाटलंय ते."

त्यानं घरून सुई-दोरा आणि चिंचोक्याची खळ आणली. धाग्यात धागा घातला, वरून सुताला देतात तशी खळ दिली, वाटीनं घोटली. खरंच, मला जागा सापडेना. मी त्याला शाबासकी दिली. आज ते आठवलं की माझीच मला शिसारी येते.

सकाळी बाईसाहेब डोक्याला रुमाल बांधून हौसेनं आल्या. दार उघडलं आणि मी जागच्या जागी थिजलो. पंखाला भाकरीएवढं भोक! खाली लेंड्या पडलेल्या. उंदरांनी खळीसकट रफू फस्त केलं होतं.

मालक वाकले. भोकाची कड त्यांनी बोटांनी चोळली, नाकाशी नेली. मिलवाल्या माणसाला तो वास काय सांगावा लागतो? रोगणाच्या जागी खळ, वर वाऱ्यात ती किती टिकणार! त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"खळ कुणी लावली?"

मी सगळं ओकलो. पाय धरले. आता हा माणूस मला फोडून काढणार, असं वाटलं. पण त्यांनी आवाजही चढवला नाही. ते एवढंच म्हणाले, "उंदरांनी हे खाल्लं नसतं, तर तुम्ही आज मला सांगितलं असतंत?"

बाईसाहेब माझ्याकडे बघत होत्या. मला "हो" म्हणता आलं नाही.