मासळीचं पुस्तक

मालवणच्या खाली, अगदी वाळूला टेकलेल्या एका मच्छीमारांच्या वाडीत मी बालवाडीची बाई म्हणून रुजू झाले, तेव्हा मला विसावं सरलेलं नव्हतं. साठ सालानंतरची गोष्ट. माझं माहेर कुडाळकडचं. वडील शाळामास्तर. घरात भांड्यांपेक्षा पुस्तकं जास्त, त्यामुळे मी वाचायला कधी शिकले ते मला आठवतच नाही. चालायला शिकल्याचं जसं कुणाला आठवत नाही, तसंच. म्हणूनच पोरांना अक्षरं शिकवण्यात अवघड असं काही असतं, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

जाळी ठेवायच्या मांगराचा अर्धा भाग रिकामा करून त्यात बालवाडी भरत असे. तीन ते सहा वर्षांची अठरा मुलं. अर्ध्या भिंतीपलीकडे जाळी, अलीकडे आम्ही. निघताना वडिलांनी चित्रांची सात-आठ पुस्तकं दिली होती. ती मी रोज मुलांना वाचून दाखवायची. कोल्हा, राजा, बर्फ, उंट. मुलं माझ्या तोंडाकडे बघत बसायची. हसायची नाहीत, विचारायची नाहीत, उठूनही जायची नाहीत. एखाद्या परक्या घरी आल्यासारखी शहाणी बसायची. दोन महिने असे गेल्यावर मी वडिलांना पत्र लिहिलं, की इथली मुलं मंद आहेत.

त्यांचं उत्तर आलं. त्यात एकच वाक्य या विषयावर होतं : "मंद कोण आहे, हे अजून ठरायचं आहे."

मला राग आला. पण ते खरं होतं, हे कळायला आठवडाही लागला नाही.

एका पुस्तकात माशाचं चित्र होतं. नारिंगी अंग, लाल ओठ, डोळ्यांना पापण्या. खाली लिहिलेलं, "हा मासा. मासा पाण्यात राहतो." मी पान मुलांसमोर धरलं. पहिल्या रांगेत एक पाच वर्षांची मुलगी बसायची, धाकट्या भावाला कडेवर घेऊन येणारी. ती पुढे सरकली, चित्राला नाक लागेल इतक्या जवळ आली आणि म्हणाली, "बाई, ह्यो खंयचो मासो?"

मी म्हटलं, "मासा म्हणजे मासा."

"नाव काय त्येचा?"

मागून एक जण ओरडला, "असो मासो खंय आसता?" दुसरा म्हणाला, "ह्येका खवळां खंय आसत?" आणि बघता बघता अठराच्या अठरा तोंडं सुटली. कुणी म्हणे हा तांबोसा असेल, कुणी म्हणे छे, तांबोशाची शेपटी अशी नसते. शेपटी कशी असते ते एकाने वाळूत काढून दाखवलं. दोन महिने गप्प बसलेली ती मुलं एका खोट्या माशावरून कडाकडा भांडत होती, आणि त्या भांडणातलं निम्मं माझ्या डोक्यावरून जात होतं. ताटातला मासा मला ओळखता येई, तोही कालवणात पडल्यावर. समुद्रातून आलेला ओळखता येत नव्हता. त्या खोलीत मंद कोण, ते त्या सकाळी ठरलं.

दुसऱ्या दिवसापासून रापण ओढायच्या वेळी मी मुलांना घेऊन किनाऱ्यावर जाऊ लागले. रापण म्हणजे ते लांबलचक जाळं, पाण्यात गोल सोडतात आणि दोन्ही बाजूंनी माणसं ओढून वाळूवर आणतात. जाळं उघडलं की मुलं मला एकेक मासा दाखवायची आणि मी वहीत लिहून घ्यायची. बांगडा कसा ओळखायचा, तारली कशी, मोरीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, पोटात पिल्लं कशी असतात, वाळूला चिकटून पडणाऱ्या लेपीचे दोन्ही डोळे एकाच बाजूला का. हे शेवटचं मला पटेना, तर त्या पाच वर्षांच्या मुलीने लेप हातात घेऊन उलटसुलट करून दाखवली. "बघ बाई. ह्या बाजूक काय नाय."

मी ठरवलं, की यांचं पुस्तक आपणच करायचं. प्रत्येक पानावर एक मासा, एक अक्षर आणि मुलांनी सांगितलेली एक ओळ. पण कुठल्या भाषेत लिहायचं? मुलं म्हणत, "ह्यो बांगडो. बांगड्याच्या पाठीर हिरवे वळ आसत." पुढे पहिलीच्या पुस्तकात त्यांना भेटणार होतं, "हा बांगडा. बांगड्याच्या पाठीवर हिरवे पट्टे असतात." शेवटी मी दोन्ही लिहिलं. वर त्यांची ओळ, खाली पुस्तकातली. वरच्या ओळीने मुलं आत यायची आणि खालच्या ओळीवर जाऊन बसायची. हे मी कुठे शिकले नव्हते. ते माझं मला सुचलं होतं, याचा मला आजही अभिमान आहे.

चित्रांचं मात्र अडलं. मला साधा आंबासुद्धा काढता येत नाही. तेव्हा मला कुडाळजवळच्या पिंगुळी गावाची आठवण झाली. लहानपणी आमच्याकडच्या देवळात पिंगुळीचे चित्रकथी येत. मोठमोठी चित्रं मांडीवर उभी धरून, एकेक पालटत ते गोष्ट गात. त्यांतल्याच एका वयस्कर गृहस्थांना माझे वडील ओळखत होते. सुट्टीच्या दिवशी मी केळीच्या पानात चार जातींचे मासे गुंडाळले आणि एसटीत बसले. कंडक्टर दर थांब्याला नाक मुरडून माझ्याकडे बघत होता. मी खिडकीबाहेर बघत होते.

त्या गृहस्थांनी मासे ओसरीवर ओळीने मांडले. "बायो, आमी देव काढतंव, राक्षस काढतंव," ते म्हणाले. "मासो कोणी सांगूक नव्हतो." पण काढायला बसले ते उठेचनात. मी अधूनमधून जाऊन उरलेल्या माशांची वर्णनं देत गेले आणि महिन्याभरात चित्रं हाती आली. अंग हुबेहूब, खवले मोजून घ्यावेत असे. डोळे मात्र त्यांच्या हातचे, मोठे, टपोरे, देवादिकांना शोभतील असे.

मी धास्तावून बांगड्याचं पान मुलांसमोर धरलं. ही मुलं आता या डोळ्यांवरून मला फाडून खाणार, असं वाटलं. मग ती मुलगी हळूच म्हणाली, "बाई, ह्यो बांगडो आमकां बघता."

आणि सगळी हसायला लागली. डोळे माफ झाले. मोरीच्या पाठीवरचा पंख मात्र माफ झाला नाही. तो चुकीच्या जागी आहे असं सर्वांचं मत पडलं आणि ते चित्र पिंगुळीला परत गेलं.

पुस्तक वाडीला माहीत झालं आणि एके दिवशी त्या मुलीची आई माझ्या दारात उभी राहिली. मालवणच्या बाजारात मासळी विकणारी, बोलायला फटकळ. डोक्यावरची पाटी तिने उतरवलीही नाही.

"बाईनू, पोरांका तुमी मासे शिकवतास?"

मी म्हटलं, "अक्षरं शिकवते. माशांवरून."

"मासे तेंका येतत. माझो झील चलूक लागाच्या आदी बांगडो वळखी. आमी तेंका थंय धाडतंव ती मासे सुटूक व्हये म्हणान. आणि आमचीच भाषा लिवतास ती कित्याक? ती शिकाक शाळा लागता?"

पोरांची मासळीतून सुटका व्हावी म्हणून ती त्यांना धाडत होती; तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी तिला आत बसवून खालची ओळ दाखवली, दोन ओळी का लिहिते ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "बघूया," म्हणाली आणि गेली. त्या "बघूया"चं मला फार ओझं झालं. आता काही झालं नाही, तर दोष मुलांवर ढकलता येणार नव्हता.

पण होत होतं. ती मुलं एकदा पुस्तकात शिरल्यावर बाहेरच येईनात. आपल्याला जे माहीत आहे ते कागदावर असू शकतं, हे कळल्यावर त्यांना आपोआप कळलं, की आपल्याला माहीत नाही तेही कागदावर असणार. जुनी पुस्तकं पुन्हा बाहेर निघाली. उंट पोहतो का? बर्फात मासे मरतात का? राजाला होडी होती का? दोन महिने ज्या पानांसमोर ती मुकी बसली होती, त्याच पानांनी आता मला घाम फोडला. मी वडिलांना पत्रं लिहून उत्तरं मागवू लागले. वडिलांची उत्तरं लांबलचक येत. आधीच्या पत्राचा उल्लेख त्यांनी कधी केला नाही.

अक्षरंही बसत गेली. ज जाळ्याचा, र रावसाचा, ल लेपीचा. अडलं ते 'ण'पाशी. 'ण'ने सुरू होणारा मासा अरबी समुद्रात नाही. मी मुलांना म्हटलं, शब्दाच्या पोटात किंवा शेवटी असलेला 'ण' आपल्या वाडीत कुठे आहे का, शोधून या. एकाने दुसऱ्या दिवशी धावत येऊन सांगितलं, "रापणीत आसा!" मी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं आणि टाळ्या वाजवायला लावल्या. ते पाहून पहिल्या रांगेतल्या त्या मुलीला चैन पडेना. ती वाडीभर 'ण' शोधत फिरली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा बाप मांगरात आला. धिप्पाड माणूस, पण दाराशी अडखळून उभा राहिला. मुलगी त्याच्या मागे.

"बाईनू, जरा येवा. चेडू म्हणता माझ्या होडयेचा नाव चुकला आसा."

त्याची होडी वाळूवर ओढून ठेवलेली होती. तिचं नाव जलराणी, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. पुढच्या अंगाला पांढऱ्या रंगात ते मोठ्या अक्षरांत लिहिलेलंही होतं. होडी घेतली तेव्हा कुणा रंगाऱ्याकडून लिहून घेतलेलं. तिथे पाच-सहा माणसं जमली होती, आणि बाजारातून नुकतीच परतलेली तिची आईही. पोरीने काहीतरी आगाऊपणा केला आहे आणि आता बाई तिला समज देणार, अशा अपेक्षेने सगळे उभे.

बाप म्हणाला, "वाचून दाखय गो."

ती होडीला टेकून उभी राहिली. अक्षरं तिच्या डोक्याच्या वर होती. तिने टाचा उंचावून एकेका अक्षरावर बोट ठेवलं. "ज. जाळ्याचो. ल. लेपीचो. र. रावसाचो." इथे ती थांबली. मग "णी. ह्यो ण, ह्येका वेलांटी." आणि वळून म्हणाली, "जलरणी. राणीक कानो नाय!"

मी पाहिलं. काना नव्हता. खरोखरच नव्हता.

मला काय वाटलं ते मी खरं सांगते. आधी लाज वाटली. दीड वर्ष मी रोज त्या होडीवरून जात होते. नाव मला माहीत होतं, म्हणून मी ते न वाचताच वाचत होते. आणि या मुलीने, जिच्या घरात कुणालाही सही करता येत नव्हती, माहीत असलेलं बाजूला ठेवून समोर लिहिलेलं वाचलं होतं. त्यानंतर जे वाटलं ते लाजेच्या कितीतरी पट मोठं होतं. छाती भरून येणं म्हणजे काय, ते मला त्या वाळूत उभं राहून कळलं.

"तिचं बरोबर आहे," मी म्हटलं. "काना राहिलाय. 'रा' हवं, 'र' लिहिलंय."

बाप होडीकडे बघत राहिला, मग पोरीकडे, मग पुन्हा होडीकडे. आणि एकदम खो खो हसत सुटला. "इतकी वर्सां माझी होडी कान्याबिगर चलली! आणि एकाच्यापन बापाशीक कळला नाय!"

त्याने कुठूनसा पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश आणला, पोरीला उचलून खांद्यावर घेतलं आणि ब्रश तिच्या हातात दिला. मी 'र'च्या शेजारची जागा दाखवली. तिने जीभ दातात धरून वरून खाली रेघ ओढली. रेघ वाकडी आली, शेवटी रंगाचा ओघळही आला. पण राणीला काना मिळाला. बाप तिला खांद्यावरून उतरवायलाच तयार होईना. वाडीभर फिरवून आला.

तिची आई इतका वेळ एका बाजूला उभी होती. माझ्याजवळ येऊन तिने धाकट्याला पुढे केलं, जेमतेम तीन वर्षांचा. "ह्येकाय उद्यापासून बसवा," ती म्हणाली. "कडेवर नको. खाली, रांगेत."

पुढच्या जूनमध्ये आमच्यातली सात मुलं पहिलीत गेली. महिन्याभराने तिथले मास्तर मला रस्त्यात भेटले. चांगला माणूस, पण त्रासलेला दिसला.

"बाई, तुमची ही मुलं जरा अवघड आहेत," ते शुद्ध भाषेत म्हणाले. "फळ्यावर काही लिहिलं की विचारतात, हे कुठे असतं? कोणी पाहिलंय? आणि पुस्तकात चित्र असलं की आधी ते बरोबर आहे की नाही ते बघतात, मग धडा. ती पुढे बसते ना, तिने काल मला विचारलं, की हे पुस्तक कोणी लिहिलं, आणि त्याला विचारता येईल का?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?" मी विचारलं.

"काय सांगणार? पत्र लिही म्हटलं."

"लिहिलं?"

मास्तरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. दोन ओळींचं पत्र होतं. वरची ओळ तिच्या भाषेत, खालची पुस्तकाच्या.