तेलाची बाटली

औषधांच्या दुकानात आयुष्य गेलेल्या बाईला मापातली चूक सहन होत नाही. नवरा तिला 'ग्रॅमबाई' म्हणे, आणि तिला ते मनातून आवडेही. पण गेले दोन महिने ग्रॅमबाईंचं डोकं फिरायची वेळ आली होती.

नवरा रंगारी. गुडघा इतका कामातून गेलेला, की शिडीवर पाय ठेवताच डोळ्यांत पाणी येई. डॉक्टरांनी बजावलं होतं, आधी वजन उतरवा, मगच ऑपरेशन. झालं! स्वयंपाकघरात काटा आला. तांदूळ कच्चे असतानाच मोजायचे, बटाटे सोलून मोजायचे, पातेल्याचं वजन वजा करायचं. तेलासाठी तिची खास युक्ती होती. सकाळी कामावर निघताना बाटली काट्यावर ठेवायची, संध्याकाळी पुन्हा. जेवढं कमी भरलं, तेवढं पोटात गेलं. स्वयंपाक सासूबाई करत, आणि रोज जेमतेम दोन चमचे तेल कमी होई.

"आमच्या आईंचा हात किती बेताचा!" ती शेजारीपाजारी सांगे. सासूबाई खूश.

नवऱ्याचं वजन मात्र जागचं हलेना. तिने काट्याचे सेल बदलले. साखरेचा बंद पुडा ठेवून काटा पडताळला. काटा खरा. मग खोटं कोण? उरला नवरा.

"कामावर काय खाता, खरं सांगा."

"तू दिलेला डबा. आणि रंगाचा वास."

"थट्टा पुरे. काटा खोटं बोलत नाही."

"मग मी बोलतो का?" त्याने चमचा खाली ठेवला. "उद्यापासून माझे खिसे तपासूनच घरात घे." तो लंगडत बाहेर जाऊन बसला. त्याचं अर्धवट ताट तिने सवयीने काट्यावर ठेवलं, आणि स्वतःचाच राग येऊन लगेच उचललं.

दुसऱ्या संध्याकाळी बाटली सकाळपेक्षा जड भरली! घरात तर परतलेल्या बटाट्यांचा वास सुटला होता.

"आई, आज तेल घातलंच नाहीत?"

"बिनतेलाचे बटाटे कोण खाईल? चांगलं सढळ हाताने घातलंय."

"मग बाटली भरली कशी?"

"कशी म्हणजे? मीच भरली. रोज स्वयंपाक आटोपला की तेलाच्या डब्यातलं थोडं ओतते. ओट्यावर उतरत चाललेली बाटली मला बघवत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासूनची सवय. आज हात हलला, जरा जास्त पडलं."

ग्रॅमबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, मी रोज वजन करते ते दिसत नव्हतं का?"

"दिसायचं की! मला वाटलं, मी बाटली भरते की नाही ते बघतेस. वर कौतुकही करायचीस."

तिने तेलाचा डबा उचलून कपाटात ठेवला. "यापुढे बाटली मी भरणार."

"मग तिच्यावर फडकं तरी टाक बाई."

नवरा दारात उभा राहून सगळं ऐकत होता. त्याने दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. वाळलेल्या रंगाची एक खपली खाली पडली.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"किती ग्रॅम?"

तिने बटाट्यांचं पातेलं त्याच्यापासून लांब सरकवलं.