टोमॅटोला घातलेली भीती

पिंपळगाव राजाच्या शिवारात टोमॅटो लावतानाच दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, सांगून ठेवलं होतं : औंदा करपा आला तर वावर बटाईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याला कसायला, देणार. मागच्या हंगामात करप्याच्या बुरशीनं सगळा प्लॉट जाळला होता. दादा बोलतो कमी, पण बोलला की करतो.

म्हणून त्याची मुलगी, कृषी शिकलेली माझी पुतणी, एक बाटली घेऊन आली.

"बाबा, याच्यानं बुरशी मरत नाही. बुरशीच्या कवचात साखरेच्या कणांची साखळी असते, तिचे तुकडे आहेत हे. पानाले ते लागले का त्याले वाटते बुरशीच आली. मंग ते आधीच तयारीले लागते."

"म्हंजे चोर नाही, अन् आपणच चोर चोर म्हनाचं?" दादा म्हणाला.

मला ही कल्पना बेहद्द आवडली. गावच्या नाटकात राक्षस मीच होतो, त्यामुळे फवारणीच्या वेळी दर ओळीपुढं गडगडाटी हसत गेलो.

"काका, झाडाले कान नसतात," पुतणी म्हणाली.

"तुह्या काकाले तरी कुठं हायेत," दादा पंप उचलत म्हणाला.

पुढे शेजारच्या वावरात करपा दिसला. दादा सकाळी उठून थेट प्लॉटात जाऊ लागला, आणि एक दिवस परतलाच नाही. आम्ही गेलो तर तो झाडं बांबूंना बांधलेल्या सुतळ्या विळ्यानं कापत होता. झाडं गेली तरी बांबू वाचतात, म्हणून आमच्याकडं आधी ते सोडवतात. एक ओळ जमिनीवर लोळत होती.

"खालच्या पानाले डाग हायेत," तो म्हणाला.

पुतणीनं पान उजेडात धरलं. डाग टाचणीच्या डोक्याएवढे, कोरडे. "बाबा, हे पसरून नाही राह्यले. मले वाटते, बुरशी शिरली तिथली आपली जागा झाडानंच मारली. तिले खायले काही नको म्हणून."

"आपलंच अंग मारलं?"

"हाव."

"अन् तेवढ्यानं नाही भागलं तं?"

"तं करपा वर चढीन."

तिनं खोटा धीर दिला नाही.

दादानं ते पान तिच्याकडून घेऊन बोटांत फिरवलं. मग वाकून त्यानं लोळलेलं पहिलं झाड उचललं आणि मला म्हणाला, "बांबू धर बे."

कापलेल्या सुतळ्या आखूड पडत होत्या. तो गाठी मारून त्या जोडत गेला.